बंपर काढू नकोस, गाडी आहे तशी सर्व्हेअरला दाखव

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. वय सत्तावीस. आमची काजूची बाग आणि भाताची शेती आहे. २०२१ साली नवीन डिझेल थार घेतली, केए-२२ पासिंग. पावसाळ्यात शेताकडच्या लाल चिखलात दुसरी कुठलीच गाडी चालत नाही. हळूहळू तिच्यावर काम करत गेलो. गाडी उंच करणारं दोन इंची लिफ्ट किट, तेहतीस इंची मड टायर, ऑफसेट रिम, पुढं लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, वर लाईट बार. इन्शुरन्समध्ये यातलं काहीच लिहिलेलं नाही. रिन्यूअल मोबाईलवरून होतं, तिथं 'बदल नाही' वर टिक करत आलो. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा कापू नये म्हणून घेतलेली जोड, यंदा पैसे वाचवायला काढून टाकलं.

गेल्या आठवड्यात मित्रासोबत कोल्हापूरहून येत होतो. रात्री तवंदी घाट उतरून संकेश्वरच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीवर गाडी गेली. ट्रॉलीला मागं लाईट नव्हती, रिफ्लेक्टरही नव्हता. कुणाला लागलं नाही. एअरबॅग उघडल्या नाहीत. पोलिसांत जाऊन आलो, पंचनामा कन्नडमध्ये झाला, मी सही केली. गाडी बेळगावात उद्यमबागेतल्या एका गॅरेजला आहे, एस्टिमेट चार लाख दहा हजार. त्याची यादी आणि गाडीचे फोटो सोबत पाठवतोय. इन्शुरन्सच्या माणसानं फोनवरच सांगितलं, "मॉडिफाय गाडी आहे, क्लेम बसत नाही." गॅरेजवाला म्हणतो, इन्शुरन्सचा सर्व्हेअर नुकसान बघायला यायच्या आत बंपर-विंच उतरवू, कंपनीचा बंपर आणि टायर लावू, कुणाला कळत नाही. ट्रॅक्टरवाला पंचवीस हजार देतो, मिटलं म्हणून सही कर म्हणतोय. बाबा म्हणतात, भंगारात घाल. काय करू, सांगा की.

उत्तर:

काका म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करतो. तुम्ही दोघं धड आहात, हे आधी दोनदा वाचलं आणि मग बाकीच्या पत्राकडे वळलो. बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर या पट्ट्यात मी चोवीस वर्षं मोटार अपघातांचे सर्व्हे केले. गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीखाली शिरलेल्या गाड्यांचं छप्पर सीटला टेकलेलं मी पाहिलंय. तुझ्या गाडीचं बॉनेट गेलं आणि काच तडकली, एवढ्यावर निभावलं. आता पैशांचं बोलू.

सगळ्यात आधी गॅरेजवाल्याला आजच फोन कर आणि गाडीला हात लावू नको म्हणून सांग. बंपर उतरवायचा नाही, विंच उतरवायचा नाही, टायर बदलायचे नाहीत. तू अजून हो म्हटलेलं नाहीस म्हणून बरं. आज तुझी चूक एवढीच आहे की जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाहीस. बंपर बदलून दाखवलास, की त्याला फसवणूक म्हणतात, आणि मग विमा कंपनीला सबंध क्लेम नाकारायचा हक्क मिळतो. आपली अर्धी बाजू धड असताना उरलेल्या अर्ध्यासाठी ती पणाला लावायची नाही.

आणि कुणाला कळत नाही असं गॅरेजवाला म्हणतो, तर सगळं कळतं. तू कोल्हापूरहून आलास म्हणजे कोगनोळीच्या टोलनाक्यावरून आलास. अपघाताच्या थोडाच वेळ आधी तुझी गाडी समोरून, बंपर-विंचसकट, तिथल्या कॅमेऱ्यात आली आहे. पंचनाम्याचे फोटो आहेत, क्रेनवाल्याच्या मोबाईलमध्ये फोटो आहेत. ते सगळं बाजूला ठेव, नुसती गाडीच बोलते. जांबोटीकडच्या गाडीच्या बोल्टच्या आट्यांत लाल माती घट्ट बसलेली असते, काल लावलेल्या बोल्टला ती नसते. मागं रेडिएटर चेंदलेला आणि पुढचा बंपर मात्र कोरा करकरीत, असं दिसलं की सर्व्हेअर पुढचा प्रश्नही विचारत नाही. मी स्वतः अशा दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही मालक वाईट माणसं नव्हती, कुणाच्या तरी सल्ल्यानं गेली. दोघांनाही एक रुपया मिळाला नाही.

आता "क्लेम बसत नाही" या वाक्याकडे येतो. हे वाक्य फोनवर फार सहज बोललं जातं आणि ऐकणारा तिथंच हात टेकतो. तुझ्या पॉलिसीत विमा कशाचा आहे, तर आरसीवर लिहिलेल्या गाडीचा, कंपनीतून जशी बाहेर पडली तशा गाडीचा. तिची किंमत आयडीव्ही म्हणून छापलेली आहे. तू वरून जे लावलंस ते त्या किमतीत नाही, त्याचा हप्ता तू भरलेला नाहीस, म्हणून बंपर, विंच, लाईट बार, रिम यांचे पैसे मागायचे नाहीत. मागितलेस तरी मिळणार नाहीत, आणि मागण्यातच तुझं म्हणणं हलकं होईल. पण बॉनेट, फेंडर, रेडिएटर, कंडेन्सर, ग्रिल, काच ही कंपनीची गाडी आहे. तिचा हप्ता तू दरवर्षी भरलास. ती मागायला लाजायचं कारण नाही.

म्हणून गॅरेजवाल्याकडून एस्टिमेट फोडून दोन कागदांवर घे. एकावर फक्त कंपनीचे पार्ट, त्यांची मजुरी आणि रंग. दुसऱ्यावर तू लावलेल्या वस्तू. तू पाठवलेल्या यादीवरून मी ढोबळ हिशेब केला. लावलेल्या वस्तू, म्हणजे बंपर, विंच, लाईट बार, एक रिम आणि टायर, मिळून १,२३,००० होतात. उरलेले २,८७,००० कंपनीच्या गाडीचे. त्यात धातूचे पार्ट १,२०,०००, प्लॅस्टिक आणि रबर ६०,०००, काच १२,०००, रंग ४०,००० आणि मजुरी ५५,०००.

झिरो डेप नाही म्हणजे घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्यानं उतरलेली किंमत, कापला जाणार. गाडीला चार वर्षं पूर्ण होऊन पाचवं चालू आहे, म्हणून धातूच्या पार्टवर ३५ टक्के कपात, उरतात ७८,०००. प्लॅस्टिक-रबरावर गाडी कितीही नवी असो, ५० टक्के, उरतात ३०,०००. काचेवर कपात नाही, १२,००० पूर्ण. रंगाचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्या मालावर ५० टक्के कापतात. म्हणजे दहा हजारांचे पाच गेले, ३५,००० राहिले. मजुरी पूर्ण ५५,०००. बेरीज २,१०,०००. थारचं डिझेल इंजिन १५०० सीसीच्या वर असल्यानं सक्तीची वजावट २,०००. म्हणजे २,०८,००० ही तुझी खरी मागणी. मोडके पार्ट विमा कंपनीनं तुझ्याकडेच सोडले तर त्यांची भंगार किंमत थोडी वजा होईल. चार लाख दहा हजार मिळणार नाहीत. पण फोनवर ऐकलेल्या शून्यापेक्षा दोन लाख आठ हजार केवढे तरी जास्त आहेत.

बाबांना एवढं सांग की भंगारात घालायची वेळ आलेली नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तरच गाडी पूर्ण नुकसान धरतात. तुझी आयडीव्ही आठ लाख असेल, तर ती रेषा सहा लाखांवर आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल, हे मात्र खरं. चार वर्षं क्लेम नसेल तर ४५ टक्क्यांचा बोनस शून्यावर येतो. दोन लाखांपुढं ते नुकसान सोसण्यासारखं आहे. पंधरा-वीस हजारांच्या ठोकरीला मात्र क्लेम करताना माणसानं चारदा विचार करावा.

आता तुझी कच्ची बाजू सांगतो, कारण विमा कंपनी ती सांगणारच आहे. तू दरवर्षी 'बदल नाही' वर टिक केलंस. ही माहिती लपवणं आहे, गोड बोलून ते बदलत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच अगदी स्पष्ट केलंय. लोखंडी बंपरबद्दल तर केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करा म्हणून लिहिलं. तेव्हा "सगळेच लावतात काका" हे माझ्यापुढं चालेल, त्यांच्यापुढं नाही.

पण यापुढं एक प्रश्न उरतो, आणि तुझा सगळा क्लेम त्या एका प्रश्नावर उभा आहे. त्या बदलांमुळे हा अपघात झाला का, किंवा नुकसान वाढलं का? हासनचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, १९९६ साली निकाल लागला. मालवाहू गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसं बसली होती म्हणून कंपनीनं क्लेम नाकारला. न्यायालय म्हणालं, जास्त माणसं बसल्यामुळं अपघात झाला नाही, मग गाडीच्या दुरुस्तीचे पैसे नाकारता येत नाहीत. आपल्याच राज्यातलं प्रकरण आहे, विमा कंपनीला लिहिशील तेव्हा त्याचा उल्लेख कर. २०१० च्या एका निकालात, भाड्यानं वापरलेल्या खासगी गाडीच्या बाबतीत, न्यायालयानं अट मोडली तरी सबंध क्लेम न बुडवता ७५ टक्के देण्याचा मार्ग उचलून धरला. दोन्ही प्रकरणं गाडीच्या वापराची आहेत, मॉडिफिकेशनची नाहीत, हे लक्षात ठेव. पण विचाराची दिशा तीच आहे. तुझ्या बाबतीत ७५ टक्के म्हणजे १,५६,०००. म्हणून मी धरतो ते असं: सगळं नीट गेलं तर दोन लाख आठ, मध्यम गेलं तर दीड लाखाच्या आसपास.

"बदलांमुळे झालं नाही" हे नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही, टेपनं दाखवावं लागतं. उसाच्या ट्रॉलीचा हौदा उंच असतो. तू पाठवलेल्या फोटोत तुझा बंपर त्याच्या खालून गेलेला दिसतो आणि हौद्याची कड थेट बॉनेटवर आणि काचेच्या मुळाशी बसली आहे. म्हणजे बॉनेट, काच, रेडिएटरचा वरचा भाग ही नुकसानी बंपरशी संबंधित नाही, कंपनीचा बंपर असता तरी तीच झाली असती. सर्व्हेअर येईल तेव्हा जमिनीपासून बंपरच्या वरच्या कडेपर्यंत आणि बॉनेटवरच्या पहिल्या घावापर्यंत टेप लावून फोटो काढ. ट्रॉली अजून आसपास असेल तर तिच्या हौद्याची उंचीही मोजून घे. डाव्या बाजूला ट्रॉलीच्या चाकावर बंपर बसला आणि चेसिसचं डावं टोक थोडं दबलं आहे, तिथं मात्र विमा कंपनी म्हणेल की जाड लोखंडानं धक्का सरळ चेसिसवर नेला. ते म्हणणं खोटं नाही. कंपनीचा बंपर स्वतः मोडून धक्का गिळतो, लोखंडी बंपर न मोडता तो मागं ढकलतो. तेवढा भाग कापला गेला तर भांडू नकोस.

टायरचं आणि लिफ्टचंही विचारतील. थारच्या वरच्या मॉडेलचा कंपनीचा टायर २५५/६५ आर१८, म्हणजे उंचीला साधारण एकतीस इंच. तेहतीस इंची टायर लावला की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६४ च्या जवळ असते, आणि जड चाक थांबायला जास्त अंतर घेतं. वेग विचारला तर अंदाजानं कमी सांगू नकोस, काट्यावर जो पाहिलास तो सांग आणि टायर मोठे आहेत हेही सांग. तुझ्या बाजूनं सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि ती भक्कम आहे. महामार्गावर अंधारात मागं लाल दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर नाही अशी ट्रॉली. दरवर्षी हंगाम सुरू झाला की आपल्या भागात यामुळं माणसं मरतात आणि दरवर्षी दोन दिवस चर्चा होऊन ट्रॉल्या तशाच धावतात. एक लाल पट्टी चिकटवायला खर्च तो किती येतो? माझा जीव या गोष्टीवर तुटतो.

म्हणूनच तो पंचनामा महत्त्वाचा आहे. ट्रॉलीला दिवा आणि रिफ्लेक्टर नव्हता, हे त्यात लिहिलंय का? तुला ठाऊक नाही, कारण तू न वाचता सही केलीस. आपल्याकडच्या मराठी पोरांचं हे नेहमीचं आहे. कन्नड बोलता येतं, बाजारात चालतं, पण हाताने लिहिलेलं सरकारी कन्नड वाचायला जमत नाही, आणि विचारायला संकोच वाटतो. पंचनाम्याची नक्कल मागून घे. गावातल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडे किंवा ओळखीच्या वकिलांकडे जाऊन ओळीनं ओळ वाचून घे. दिव्याचा उल्लेख नसेल तर त्याच ठाण्यात फोटो जोडून पुरवणी जबाब दे आणि पोच घे. पुढच्या वेळी, कागद कुठल्याही भाषेत असो, वाचून दाखवा म्हणायचं. त्यात कुणाचा अपमान नाही.

क्लेम फॉर्मवर अपघात कसा झाला ते दोन-तीन साध्या वाक्यांत लिही. कोल्हापूरहून घरी येत होतो, पुढं दिवा नसलेली ट्रॉली होती, ब्रेक मारला, गाडी धडकली. शोभेची इंग्रजी वाक्यं नकोत. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर, शर्यत, वेगाची चाचणी असले वापर वगळलेले असतात. तुझा प्रवास त्यातला नव्हता, मग 'ऑफ-रोड' हा शब्द विनाकारण कशाला घुसवायचा? मात्र गाडीवर काय काय लावलंय असा रकाना असेल किंवा सर्व्हेअरनं विचारलं, तर एकूण एक वस्तू सांग, बिलं असतील तर दाखव.

ट्रॅक्टरवाल्याचे पंचवीस हजार घेऊ नकोस आणि सही तर मुळीच करू नकोस. तो बिचारा असेल, मला त्याच्याबद्दल राग नाही. पण पॉलिसीत अट असते की विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तू कुणाशी तडजोड करायची नाही. तुला पैसे दिल्यावर कंपनीला त्या ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडून वसूल करायचा हक्क असतो. तू "मिटलं" म्हणून सही केलीस की तो हक्क मारला जातो आणि त्याचा राग तुझ्या क्लेमवर निघतो. त्याचा नंबर, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कागदांचे फोटो आणि विमा आहे का, एवढं घेऊन ठेव. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम चूक कुणाची यावर अवलंबून नसतो, हेही बाबांना सांग. "पाठीमागून धडकलास म्हणजे तुझीच चूक, आता काय मागतोस" असं त्यांचं म्हणणं असणार.

आता फोनवरच्या नकाराचं काय करायचं? फोनवरचा नकार नकार नसतो. आजच ई-मेल कर: अमुक तारखेला अपघात झाला, अमुक तारखेला कळवलं, गाडीवर या या वस्तू नंतर लावलेल्या आहेत, त्यांची भरपाई मी मागत नाही, कंपनीच्या मूळ गाडीच्या नुकसानीसाठी सर्व्हेअर पाठवा, आणि नाकारणार असाल तर पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली ते लेखी कळवा. एवढंच. नुकसान पन्नास हजारांवर असलं की परवानाधारक सर्व्हेअर नेमावाच लागतो. विमा नियामकानं २०२४ च्या जूनमध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणं सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवाल हाती आल्यावर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. हे आकडे मेलमध्ये लिही. मी इतकी वर्षं पाहिलंय, ज्याला मुदती माहीत आहेत असं दिसतं त्याची फाईल टेबलावर खाली जात नाही. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागून घे.

तरीही नकार आला किंवा पैसे फार कापले, तर आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन आहे. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. कर्नाटकाचं लोकपाल कार्यालय बेंगळुरूला आहे. खर्च काही नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जायचं. काही पोरं कोल्हापूरच्या एजंटकडून पॉलिसी घेतात आणि मग पुण्याला जायचं की बेंगळुरूला या घोळात महिने घालवतात. तू राहतोस कर्नाटकात, बेंगळुरूला तक्रार चालते. दुसरा रस्ता बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तू जिथं राहतोस तिथं दावा लावता येतो, मग कंपनीचं ऑफिस कुठंही असो. लोकपालाचा मार्ग आधी धर, तो हलका आहे.

दुरुस्ती कुठं करायची? उद्यमबागेतला डेंटर हातानं पत्रा उचलतो तसा शोरूममध्येही कुणी उचलत नाही, हे मी मानतो. पण या वेळी चेसिस आणि एअरबॅग दोन्हीचा प्रश्न आहे, म्हणून गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला ने, असं माझं मत. तिथं कॅशलेसही होईल. गॅरेजलाच करायची असेल तर पूर्ण जीएसटी बिल आणि पैसे भरल्याची पावती घे, पैसे नंतर तुझ्या खात्यात येतील. सर्व्हेच्या आधी काही उघडायचं नाही. उघडल्यावर आतलं आणखी नुकसान निघालं तर पुरवणी एस्टिमेट देऊन सर्व्हेअरला पुन्हा बोलवायचं. मोडके पार्ट सर्व्हेअरनं पुन्हा बघेपर्यंत भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. यात किती जण फसतात म्हणून सांगू!

एअरबॅग का उघडल्या नाहीत, हे स्कॅनर लावून तपासून घे आणि रिपोर्ट कागदावर माग. सेन्सर गाडी किती झटक्यात थांबली ते मोजतो. हौद्याखाली शिरताना गाडी हळूहळू थांबली असेल, तर न उघडणं बरोबरही असू शकतं. पण त्या लोखंडी बंपरनं धक्क्याची चाल बदलली असेल, तर पुढच्या वेळी काय होईल याचा भरवसा नाही. तुझ्या पत्रात एस्टिमेटचे सगळे आकडे आहेत आणि एअरबॅगवर फक्त एक वाक्य आहे. मला उलटं हवं होतं.

चेसिस. थार शिडीसारख्या चेसिसवर उभी आहे, बॉडी वरून ठेवलेली. डावं टोक दबलंय म्हणजे मागच्या बाजूलाही ओढ गेली आहे का ते पाहावं लागेल. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत, दोन्ही तिरकी मापं सारखी यायला हवीत. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २४५० मिलिमीटर यायला हवेत. गॅस टॉर्चनं तापवून चेसिस सरळ करू देऊ नकोस. तापवलेलं लोखंड मऊ पडतं, आणि ते कळतं चोर्ला घाटातल्या एखाद्या वळणावर. चेसिस बदलायचीच वेळ आली तर आरटीओची परवानगी आणि नंबर पुन्हा कोरणं हे सोपस्कार आहेत, ते वर्कशॉपकडून लेखी घे.

शेवटचं, परत काय लावायचं. तुझं शेत, तुझा चिखल, विंचची गरज, मला सगळं समजतं. कणकुंबीकडच्या पावसात अडकलेली गाडी काय असते ते मी पाहिलंय. तरी लोखंडी बंपर परत लावू नकोस. गाडीतल्या प्रत्येक बेकायदा बदलासाठी कायदा पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतो, ते एक. दुसरं म्हणजे, समोर उद्या ट्रॉलीऐवजी शाळेतून येणारं पोर असेल. लिफ्ट उतरव. टायर कंपनीनं दिलेल्या मापांतच घे, २५५/६५ आर१८ मध्ये चांगले ऑल टेरेन मिळतात आणि शेताला ते पुरतात. विंच हवाच असेल तर मागच्या टो-हुकाला लावता येणारा, काढघाल करता येणारा हातविंच ठेव, घरी शेडमध्ये राहील. लाईट किंवा इतर विजेच्या वस्तू लावायच्या असतील तर पक्क्या बिलासकट पॉलिसीत नोंदव. टॅरिफमध्ये त्यासाठी आयएमटी-२४ नावाची जोड आहे आणि दर किमतीच्या ४ टक्के, म्हणजे तीस हजारांच्या वस्तूला वर्षाला १,२०० आणि वर जीएसटी. पण पॉलिसीत नोंदवलं म्हणून बेकायदा वस्तू कायदेशीर होत नाही, हे दोन वेगळे कागद आहेत. आणि झिरो डेप मिळत असेल तोवर सोडू नकोस. वरचा हिशेब पुन्हा बघ, फक्त घसाऱ्यात ७७,००० गेले.

सर्व्हेअर येईल त्या दिवशी बाबांना बरोबर घेऊन जा. टेप, पंचनाम्याची वाचलेली नक्कल आणि दोन वेगळी एस्टिमेट हातात ठेव. अहवाल आला की मला पाठव, कपातीचा हिशेब मी बसून तपासून देईन.